आपत्कालीन कोरड्या शिध्यावर किती दिवस निभतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की कृष्णा-पंचगंगेच्या काठावरची, चिपळूण-महाडकडची माणसं घरात कोरडं खाणं भरून ठेवतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर ही सवय वाढली, आणि ती चांगलीच आहे. त्याच सुमारास ऑनलाइन दुकानांतून 'सर्व्हायव्हल फूड'चे बार आणि बादल्याही मिळू लागल्या. 'एकदा घ्या आणि निर्धास्त व्हा' असा त्यांचा सूर असतो. निर्धास्त किती दिवसांसाठी व्हायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते इथे सांगायचं आहे.

सर्व्हायव्हल रेशन म्हणजे नेमकं काय?

या नावाखाली निरनिराळ्या गरजांसाठी केलेल्या वस्तू सरसकट विकल्या जातात. जहाजाच्या लाइफबोटीत ठेवतात तो दाबून घट्ट केलेला बार मैदा, वनस्पती तेल आणि साखरेचा असतो आणि हवाबंद पुड्यात पाच वर्षं टिकतो. मदतसंस्था आपत्तीच्या पहिल्या दिवसांत वाटतात ती उच्च-ऊर्जा बिस्किटं वेगळी. त्यांत १०० ग्रॅमला साधारण ४५० किलोकॅलरी असतात, प्रथिनं बारपेक्षा जास्त असतात आणि जीवनसत्त्वं मुद्दाम मिसळलेली असतात. सैनिकांचं पाकीटबंद जेवण हा तिसरा प्रकार. भारतात त्यावर म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून काम करते आहे. चौथा प्रकार गोठवून वाळवलेल्या जेवणाच्या बादल्यांचा.

तेव्हा 'रेशन आहे' एवढ्यावर थांबू नका. कोणतं आहे आणि ते किती दिवसांसाठी केलेलं आहे, हे पुडा उलटून वाचा.

लाइफबोटीच्या बारमध्ये प्रथिनं इतकी कमी का असतात? कंपनी पैसे वाचवते का?

नाही, त्यामागे विचार आहे. समुद्रात अडकलेल्या माणसाला भुकेआधी तहान मारते. प्रथिनं पचली की युरिया तयार होतो, तो लघवीवाटे बाहेर टाकायला पाणी लागतं, आणि लाइफबोटीत पाणी मोजकंच असतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाइफबोटीत दर माणशी किमान १०,००० किलोज्यूल, म्हणजे साधारण २,४०० किलोकॅलरी इतकं अन्न आणि ३ लिटर पाणी ठेवावं लागतं. हा आकडा एका दिवसाचा नाही, सुटका होईपर्यंतच्या सगळ्या काळाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डमधले डॉक्टर जेम्स गॅम्बल यांनी याच प्रश्नावर प्रयोग केले. दिवसाला फक्त १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं, तर उपाशी शरीर स्वतःचे स्नायू कमी प्रमाणात जाळतं आणि शरीरातलं पाणीही वाचतं, असं त्यांना आढळलं. गोड, कमी प्रथिनांचा बार याच विचारातून आला. थोड्या पाण्यात थोडे दिवस जीव टिकवण्याचं काम तो उत्तम करतो. घराच्या गच्चीवर तीन आठवडे काढण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

पुड्यावर '३,६०० कॅलरी, ७२ तास' लिहिलंय. म्हणजे तीन दिवस पोट भरेल?

जीव राहील, पोट भरणार नाही. ३,६०० भागिले ३ म्हणजे दिवसाला १,२००. बैठं काम करणाऱ्या भारतीय पुरुषाची गरज साधारण २,१०० किलोकॅलरी आणि स्त्रीची १,६६० धरतात. पुरात माणूस बसून नसतो. सामान वर चढवणं, पाणी वाहणं, चिखल उपसणं यात गरज बरीच वाढते. तीन दिवसांची ही तूट धडधाकट माणूस सहज सोसतो. पण तोच पुडा पुरवून पुरवून आठ दिवस खाल्ला, तर ती सरळ उपासमार आहे.

कॅलरी पुरेशा असल्या तर मग अडचण कसली?

एकेका पोषकाचा शरीरातला साठा वेगवेगळ्या वेळी संपतो. जीवनसत्त्व ब१२ वर्षानुवर्षं पुरतं. जीवनसत्त्व अ यकृतात काही महिन्यांपुरतं असतं. फोलेट तीन-चार महिने टिकतं. जीवनसत्त्व क चा साठा आहारात ते अजिबात नसेल तर एक ते तीन महिन्यांत इतका घसरतो की स्कर्व्हीची लक्षणं दिसू लागतात. सगळ्यांत तोकडा साठा थायमिनचा, म्हणजे ब१ चा: शरीरात सगळं मिळून २५-३० मिलिग्रॅम, जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरतं. त्यातही मैदा, साखर आणि सडलेला (कोंडा काढून पॉलिश केलेला) पांढरा तांदूळ यांवर राहणाऱ्याला ते लवकर कमी पडतं, कारण पिष्टमय पदार्थांचं रूपांतर ऊर्जेत करतानाच थायमिन खर्ची पडतं. पोटभर खाऊनही माणूस आजारी पडतो तो असा.

माझं ठाम मत आहे की आपत्कालीन खाणं कॅलरींवर मोजू नये, दिवसांवर मोजावं. तीन दिवसांचं, तीन आठवड्यांचं आणि तीन महिन्यांचं खाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं कागदावरचं झालं. प्रत्यक्षात असं कुणाच्या वाट्याला आलंय का?

आलंय, आणि आपल्याच माणसांच्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) लढणाऱ्या, ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या सहाव्या पूना डिव्हिजनला तुर्की सैन्याने टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा या गावात कोंडलं. डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. १४७ दिवस. आत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतली माणसं त्यांत होती.

आहाराच्या अभ्यासकांनी या वेढ्याचा पुन्हा पुन्हा विचार केला आहे, कारण एकाच गावात, एकाच वेळी, दोन गटांना दोन वेगळे आजार झाले. ब्रिटिश सैनिकांना पांढऱ्या पिठाचा पाव आणि मांस मिळत होतं. त्यांच्यात बेरीबेरी हा थायमिनच्या अभावाने होणारा आजार उद्भवला: पायांना सूज, अशक्तपणा, हृदयावर ताण. भारतीय सैनिक कोंड्यासकट आटा आणि डाळ खात होते, त्यांना बेरीबेरी शिवला नाही. पुढे पांढरं पीठ संपलं, ब्रिटिशांच्या पावातही जव आणि आटा मिसळावा लागला आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला. टंचाई वाढली तसा एक आजार कमी झाला, ही गोष्ट वाचताना आजही थांबायला होतं.

भारतीय शिपायांच्या वाट्याला स्कर्व्ही आला. ताजी भाजी नाही, फळ नाही, आणि घोड्याचं मांस खायला बहुतेकांचं मन धजेना. ताज्या मांसात थोडं जीवनसत्त्व क असतं, तेवढ्याने ब्रिटिश तगले. सेनापती टाउनशेंड यांनी धर्मगुरूंकडून घोड्याच्या मांसाला मुभा मागवली, तरी शिपाई तयार व्हायला एप्रिल उजाडला. तोवर हिरड्या सुजल्या होत्या, अंगातली ताकद गेली होती, जखमा भरत नव्हत्या. त्या शिपायांना कुणी हट्टी म्हटलं की मला वाईट वाटतं. शाकाहारी माणसाला पुरेल असा शिधा आधीच आखणं हे सैन्याचं काम होतं.

ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आता असं थोडंच होतं?

होतं. १९९० मध्ये मलावीत आश्रयाला आलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांमध्ये पेलाग्राची, म्हणजे नायसिन (ब३) कमी पडल्याने होणाऱ्या आजाराची साथ आली आणि अठरा हजारांवर माणसांना तो झाला. शिध्याचा मुख्य भाग मका होता, आणि मक्यातलं नायसिन शरीराला सहजी मिळत नाही. ती उणीव शेंगदाणे भरून काढत होते. शेंगदाण्यांचा पुरवठा तुटला आणि आजार उफाळला. त्याच दशकात नेपाळमधल्या भूतानी निर्वासितांच्या छावण्यांत सडलेल्या तांदळावर राहणाऱ्यांना बेरीबेरी झाला, स्कर्व्हीही दिसला. २००२ मध्ये अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात हिवाळ्यात वाट बंद झालेल्या गावांत स्कर्व्हीने माणसं दगावली.

मलावीत जे घडलं त्यावरून पुढे येणाऱ्या प्रश्नांत शेंगदाण्यांवर इतका भर का आहे, ते कळेल.

स्कर्व्ही सुरू झाला हे कसं ओळखायचं?

सुरुवातीला नुसता थकवा, चिडचिड आणि सांधेदुखी. पुढे केसांच्या मुळाशी लाल ठिपके, जरासा धक्का लागला तरी काळंनिळं होणं, सुजलेल्या आणि रक्त येणाऱ्या हिरड्या, न भरणाऱ्या जखमा. बोस्टनचे शल्यचिकित्सक जॉन क्रँडन यांनी १९३९-४० मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. त्यांनी जीवनसत्त्व क अजिबात नसलेला आहार सहा महिने घेतला. त्वचेवर खुणा दिसायला चार महिन्यांहून जास्त लागले. सहा महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम भरेना. मात्र ते तरुण होते, सुरुवातीला त्यांचा साठा भरपूर होता आणि इतर जीवनसत्त्वं ते घेत होते. ज्याचा आहार आधीच निकृष्ट आहे, जो विडी-तंबाखू घेतो किंवा आजारी आहे, त्याला इतका अवधी मिळत नाही.

स्कर्व्ही टाळायला दिवसाला फक्त १० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क पुरतं. तब्येत चांगली राहण्यासाठी रोजची शिफारस ६५ ते ८० मिलिग्रॅमची आहे.

लिंबाचं लोणचं आणि सरबताची बाटली आहे, भागेल ना?

ताजं लिंबू असेल तर उत्तम. एका लिंबाच्या रसात १५ ते २० मिलिग्रॅम क मिळतं. जुन्या लोणच्यावर आणि बाटलीतल्या सिरपवर मात्र भिस्त ठेवू नका. जीवनसत्त्व क हवेने, उष्णतेने आणि तांब्याच्या स्पर्शाने नष्ट होतं. हा धडा ब्रिटिश नौदलाने महागात शिकला. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये बारा खलाशांवर प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण दाखवला होता आणि १७९५ पासून जहाजांवर लिंबाचा रस दिला जाऊ लागला. पुढे स्वस्त म्हणून वेस्ट इंडीजच्या लहान लिंबांचा रस घेतला गेला. त्यात मुळात क कमी, त्यात तो साठवताना आणि तांब्याच्या नळ्यांतून नेताना आणखी कमी झाला. १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत रस सोबत असूनही स्कर्व्ही झाला.

आवळा याला अपवाद आहे. त्यात क कित्येक पटींनी जास्त असतं आणि वाळवल्यावरही बरंच टिकतं. १९३९-४० मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्हीच्या रोग्यांना आवळ्याची पूड देऊन गुण आला होता. वाळवलेल्या आवळ्याचा डबा घरात असावाच. साखरेच्या पाकात उकळलेल्या मोरावळ्यापेक्षा साधी आवळकाठी बरी.

ताजी भाजी मिळणारच नसेल तर काय करायचं?

मोड आणा. या पानावर लक्षात ठेवण्यासारखं एकच वाक्य निवडायचं झालं, तर मी हेच निवडेन.

कोरड्या मटकीत, मुगात, हरभऱ्यात जीवनसत्त्व क जवळजवळ नसतं. भिजवून मोड काढले की बी स्वतः ते तयार करू लागतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी नेमक्या याच प्रश्नावर काम केलं: सैन्याच्या शिध्यातल्या कोणत्या पदार्थाने स्कर्व्ही टळतो आणि कोणत्याने बेरीबेरी. मोड आलेली कडधान्यं स्कर्व्हीवर चालतात हे त्यांनी दाखवलं. नंतर सर्बियन सैनिकांमध्ये मोड आलेल्या घेवड्याने स्कर्व्ही बरा झाल्याचंही नोंदलं गेलं. कुतच्या वेढ्यानंतर हे कळलं, याची हळहळ वाटते. त्या शिपायांच्या आया आणि बायका घरी दर आठवड्याला उसळीसाठी मोड काढत होत्या.

मोड आलेल्या १०० ग्रॅम मुगात १० मिलिग्रॅमच्या वर क असतं. दिवसाला दोन मुठी मोड म्हणजे स्कर्व्हीपासून बचाव. वर थायमिन, फोलेट आणि चोथाही मिळतो.

दोन गोष्टी सांभाळायच्या. भिजवायला आणि धुवायला पाणी उकळून गार केलेलं किंवा क्लोरीन घातलेलं घ्या, कारण मोडांच्या उबेत जंतूही जोमाने वाढतात. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य मोडांसाठी वापरू नका. दुसरं, फार शिजवू नका. फोडणी देऊन दोन-तीन मिनिटं वाफवलं तर जंतूंचा धोका कमी होतो आणि क पूर्ण जात नाही. तान्ही मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊ नका.

बिस्किटांचे पुडे आणि इन्स्टंट नूडल्स साठवले तर?

दोन-तीन दिवस चालतील. ग्लुकोज बिस्किटांवर २,००० किलोकॅलरी गाठायच्या तर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास बिस्किटं खावी लागतात आणि त्यांतून प्रथिनं मिळतात साधारण ३० ग्रॅम. पुरुषाला रोज ५४ ग्रॅम हवीत. नूडल्सच्या एका पुड्यात दोन ग्रॅमच्या आसपास मीठ जातं. पाणी कमी असताना इतकं मीठ खाणं म्हणजे तहान ओढवून घेणं. मसाल्याची पुडी निम्मीच घाला.

आपलं घरगुती कोरडं खाणं कितपत बरं?

विकतच्या बारपेक्षा बरंच चांगलं, असं मी हिशेब करून सांगते. दीडशे ग्रॅम पोहे, शंभर ग्रॅम फुटाणे, ऐंशी ग्रॅम शेंगदाणे, साठ ग्रॅम गूळ, दोन खाकरे आणि चिवड्यापुरतं तेल एवढं धरलं, तर सुमारे २,००० किलोकॅलरी आणि ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. चोथा मिळतो, शेंगदाण्यांतून नायसिन मिळतं, फुटाण्यांतून थायमिन आणि लोह. चूल पेटवावी लागत नाही. सातूचं पीठ असेल तर गार पाण्यात गूळ घालून कालवलं की झालं, आणि दात नसलेल्या आजीलाही ते खाता येतं.

यात काय नाही? जीवनसत्त्व क नाही, अ जवळजवळ नाही, ब१२ नाही, कॅल्शियम बेताचं. म्हणून याच्या जोडीला आवळकाठी आणि मोडांसाठी मटकी ठेवायची. दूध पावडर असली तर ब१२ आणि कॅल्शियमचीही सोय होते.

तांदूळ साठवणार असाल तर गोव्यात, सिंधुदुर्गात खातात तो उकडा घ्या. भात साळीसकट उकडल्यामुळे कोंड्यातलं थायमिन दाण्यात शिरतं आणि सडल्यावरही बरंच उरतं. नेपाळच्या त्या छावण्यांत सडलेल्या तांदळाच्या जागी उकडा तांदूळ देण्याचाच उपाय झाला.

मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या ठेवल्या की काम झालं?

निम्मं झालं. स्वस्त आहेत, जागा लागत नाही, जरूर ठेवा. पण गोळीत ऊर्जा नाही, प्रथिनं नाहीत, चोथा नाही, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम नावापुरतं असतं.

सैनिक महिनोनमहिने पाकीटबंद जेवणावर राहतातच ना?

नाही राहत. अमेरिकी सैन्याचं पाकीटबंद जेवण सलग २१ दिवसांपुरतंच वापरायचं असतं, त्यानंतर ताजं अन्न द्यायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी आखलेलं के-रेशन हे सैनिकांचं पाकीटबंद जेवण थोड्या दिवसांच्या चकमकींसाठी होतं. १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणाऱ्या अमेरिकी तुकडीला त्यावर महिनोनमहिने काढावे लागले. दिवसाला २,८०० च्या आसपास किलोकॅलरी, तेही सगळं खाल्लं तर. आणि तेच तेच खाऊन विटलेले सैनिक डबे फेकून देत. डोंगर चढणाऱ्या माणसांना ते कसं पुरणार? तुकडी हाडकुळी झाली आणि आजारांनी खचली.

खाण्याचा वीट येणं हाही पोषणाचाच प्रश्न आहे. मिठाची, आंबटाची, तिखटाची चव असलेलं काहीतरी सोबत असू द्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोकम यांना वजन किती ते?

'३० दिवसांची बादली' घ्यावी का?

आधी गुणाकार करा. बादलीवर दिवस आणि 'सर्व्हिंग' मोठ्या अक्षरांत असतात, किलोकॅलरी मागे बारीक अक्षरांत. समजा ६० सर्व्हिंग आहेत आणि एकात २०० किलोकॅलरी. एकूण १२,०००. एका माणसाचे सहा दिवस, चौघांच्या घराचा दीड दिवस. शिवाय हे जेवण शिजवायला पाणी आणि इंधन लागतं, आणि आपत्तीत नेमकी त्याचीच वानवा असते.

पाणी फार कमी असेल तर खावं की नाही?

प्यायला आणि खाण्यासाठी मिळून माणशी रोज अडीच ते तीन लिटर पाणी धरतात. त्याच्या निम्म्यावर आलात तर प्रथिनं आणि मीठ कमी करा, म्हणजे फुटाणे, शेंगदाणे, फरसाण बाजूला ठेवा. गूळ, लाह्या, बिस्किटं असं गोड-पिठाळ थोडं थोडं खा. पाणी अजिबातच नसेल तर दिवसभर न खाल्लेलं परवडतं. जुलाब लागले तर मात्र सगळे हिशेब बदलतात. ओआरएसच्या पुड्या खाण्याच्या डब्यातच ठेवा.

प्रोटीन पावडरीवर राहिलं तर?

नाही. ऊर्जेचा एक-तृतीयांशाहून फार मोठा भाग नुसत्या प्रथिनांतून आला तर यकृताला ते झेपत नाही. मळमळ, जुलाब, भूक न भागणं सुरू होतं. उत्तर ध्रुवाकडच्या शिकाऱ्यांना फक्त सशाच्या चरबीहीन मांसावर राहून हाच अनुभव आला. सोबत पीठ आणि तेल हवंच.

पोट साफ होत नाही.

बार आणि मैद्याच्या खाण्याने होणारच. फुटाणे सालासकट खा, इसबगोल ठेवा. पण इसबगोलाला भरपूर पाणी लागतं. पाणी तुटपुंजं असेल तर घेऊ नका.

लहान मुलांचं काय?

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध. आई घाबरलेली, उपाशी असली तरी दूध बहुधा येत राहतं. तिला आधी जेवू-पिऊ घाला आणि बाळाला वरचेवर पाजू द्या. गढूळ पाण्यात कालवलेली दूध पावडर पुरात बाळांचे जीव घेते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला उच्च-ऊर्जा बिस्किट उकळलेल्या पाण्यात मऊ करून दोन-चार दिवस देता येतं. वर्षाच्या आत मध नको. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. अतिकुपोषित मुलांसाठी दिली जाणारी शेंगदाण्याची ९२ ग्रॅमची पाकिटं (एकात ५०० किलोकॅलरी) हे औषध आहे. ते डॉक्टर किंवा अंगणवाडीच्या देखरेखीखाली.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर?

बार म्हणजे मैदा आणि साखर, त्यामुळे रक्तातली साखर झपाट्याने चढते. उलट खाणं कमी आणि इन्सुलिन किंवा गोळ्या नेहमीच्याच, असं झालं तर ती धोकादायक उतरते. पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारा, 'जेवण निम्मं झालं तर डोस किती?' आणि उत्तर कागदावर लिहून डब्यात ठेवा. मूत्रपिंडाच्या रोग्यांना सुकामेवा, शेंगदाणे, डाळी यांतलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झेपत नाही. त्यांचा डबा वेगळा हवा. गरोदर बाईच्या लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या ठेवा.

बरेच दिवस उपाशी राहिलेला माणूस सुटला की त्याला पोटभर जेवायला घालावं ना?

मन तेच सांगतं, पण थांबा. पाच दिवसांहून जास्त काळ ज्याच्या पोटात जवळजवळ काहीच गेलेलं नाही, त्याला एकदम भरपूर पिठाळ-गोड दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झर्रकन पेशींमध्ये ओढलं जातं. उरलंसुरलं थायमिनही संपतं. हृदयाची लय बिघडू शकते, श्वास अडखळतो, माणूस भ्रमिष्ट होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सुटलेल्या कैद्यांपैकी काहींचा अन्न मिळाल्यावर असा मृत्यू झाला.

अशा माणसाला आधी दवाखान्यात न्या. तोवर घोट घोट ओआरएस, दोन-चार चमचे पातळ पेज, थोडं ताक. खाणं वाढवायचं ते दिवसादिवसाने.

साठवण कुठे आणि किती काळ?

पुड्यावरची पाच वर्षं ही थंड, कोरड्या जागेची आहेत. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पुड्यातलं जीवनसत्त्व क आणि थायमिन त्याआधीच बरंच उतरतं. कॅलरी तेवढ्याच राहतात, म्हणून फरक कळत नाही. पुराच्या गावात डबा माळ्यावर ठेवतो आपण, आणि माळा हीच घरातली सगळ्यांत गरम जागा. निदान उन्हाळाभर तो खाली ठेवा आणि जूनच्या सुरुवातीला वर चढवा. शेंगदाणे तीन महिन्यांत खवट होऊ लागतात, कोकणच्या दमटपणात त्याहून लवकर, आणि बुरशी आलेला दाणा निवडून नव्हे, सगळ्या पिशवीसकट टाकायचा. पोहे, फुटाणे, गूळ रोजच्या वापरात आणून नवे भरत राहा. मटकीचे मात्र दरवर्षी मूठभर दाणे भिजवून बघा: दोन वर्षांपेक्षा जुन्या कडधान्याला पुष्कळदा मोड येतच नाहीत, आणि ते कळायची वेळ पूर चढल्यावरची असू नये.